दोन थरांचा ॲप्रन: मुंबईतल्या एका कॅथ लॅबमधले प्रकरण

मध्य मुंबईतल्या ज्या रुग्णालयात मी रेडिएशन सेफ्टी ऑफिसर म्हणून काम करते, तिथल्या कॅथ लॅबसाठी (क्ष-किरणांखाली हृदयाच्या रक्तवाहिन्या तपासायच्या खोलीसाठी) क्ष-किरणांपासून वाचवणाऱ्या शिसेमुक्त ॲप्रनचा एक लॉट मागवला होता. कागदपत्रे जागच्या जागी होती: प्रत्येक पॅनेल ०.२५ मिमी शिशाच्या तोडीचे, आणि छातीवर दोन पॅनेल एकावर एक आली की ०.५ मिमी. शीट जिथे तयार झाले तो कारखाना मी नंतर पाहिला, तिथले काम चोख होते. चाचणीचा अहवालही खरा होता. तरीसुद्धा त्या लॉटमधल्या काही ॲप्रनांची डावी बाजू उजवीपेक्षा कमी संरक्षण देत होती. हे कसे झाले, कोणत्या चाचणीत सापडले आणि कोणत्या चाचणीत ते कधीच सापडले नसते, हे इथे सविस्तर मांडते आहे. ॲप्रन विकत घेणारे, शिवणारे आणि घालून दिवसभर उभे राहणारे अशा सगळ्यांना हे ठाऊक असायला हवे.

डावी बाजू इथे विशेष महत्त्वाची आहे. अँजिओग्राफी करणारे डॉक्टर सहसा रुग्णाच्या उजव्या हाताला उभे राहतात. क्ष-किरणांची नळी टेबलाखाली असते आणि डॉक्टरांच्या अंगावर येणारे बहुतेक किरण रुग्णाच्या शरीरावर आपटून विखुरलेले असतात. त्या विखुरण्याच्या जागेला सर्वांत जवळ असते ती डॉक्टरांची डावी कूस आणि डावा खांदा. कुशीत ॲप्रनचा एकच थर असतो, कारण दोन्ही पॅनेल एकमेकांवर येतात ती फक्त समोर. म्हणजे दोष होता तो नेमका जिथे सर्वाधिक मारा होतो तिथे.

शिसे सोडायचे कशासाठी

शिशाचा ॲप्रन म्हणजे शिशाचा पत्रा नव्हे. व्हिनाइल किंवा रबरात शिशाची पूड मिसळून केलेले ते शीट असते. वर्षानुवर्षे ते उत्तम काम देत आले आहे. त्याच्याबद्दल तक्रारी दोनच, पण दोन्ही जुन्या. पहिली वजनाची. ०.५ मिमी जाडीचे निव्वळ शिसे घेतले तरी एका चौरस मीटरला ते ५.६७ किलो भरते, वर रबराचे वजन वेगळे. एकामागून एक केस घेणाऱ्या डॉक्टरांच्या आणि तंत्रज्ञांच्या मणक्यावर ते रोज बसते. दुसरी तक्रार विषारीपणाची. घड्या पडून भेगाळलेल्या ॲप्रनमधून शिशाची धूळ बाहेर येऊ शकते, आणि टाकून द्यायची वेळ आली की घातक कचऱ्याचे २०१६ चे नियम आड येतात. भंगारवाल्याला देऊन मोकळे होता येत नाही. म्हणून अनेक रुग्णालयांच्या अडगळीच्या खोलीत जुन्या ॲप्रनांची चळत पडून असते.

पर्याय म्हणून पुढे आली ती सिरॅमिक पूड भरलेली पॉलिमर शीट्स. बिस्मथ ऑक्साइड, बेरियम सल्फेट, गॅडोलिनियम ऑक्साइड, टंगस्टन ऑक्साइड ही त्यातली नेहमीची नावे. बेरियम सल्फेट तर पोटाच्या एक्स-रेआधी रुग्णाला प्यायला देतात तेच. त्याचे खनिज म्हणजे बराइट, आणि त्याचा मोठा साठा आंध्र प्रदेशात मंगमपेटला आहे. हे सगळे पदार्थ रासायनिकदृष्ट्या शांत, पाण्यात न विरघळणारे. पॉलिमर लवचीकपणा देतो, सिरॅमिक किरण अडवतो.

विक्रेते मात्र एक वाक्य हमखास टाकतात: शिसेमुक्त आहे, म्हणून हलका आहे. हे मला खटकते, कारण हिशेब तसे सांगत नाही. बिस्मथ हा आवर्त सारणीत शिशाचा शेजारी, अणुक्रमांक ८३ विरुद्ध ८२. ग्रॅमला ग्रॅम तो शिशाइतकेच किरण शोषतो. पण बिस्मथ ऑक्साइडच्या वजनात जवळजवळ १० टक्के ऑक्सिजन असतो आणि तो इथे फारसा उपयोगाचा नाही. रबरात वजनाने ८० टक्के बिस्मथ ऑक्साइड भरला, तर ०.५ मिमी शिशाची बरोबरी करायला एका चौरस मीटरला सुमारे पावणेआठ किलो शीट लागते. त्याच ८० टक्क्यांनी शिशाची पूड भरली तर सात किलो. म्हणजे नुसता बिस्मथ वापरला तर ॲप्रन उलट जड होतो.

हलकेपणा मिळतो तो शिशाच्या एका कमजोरीतून. क्ष-किरणाच्या कणाची ऊर्जा वाढत गेली की शिशाची शोषणक्षमता घटत जाते. ८८ केईव्हीला (किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट, कणाची ऊर्जा मोजायचे एकक) ती एकदम उसळी घेते, कारण तिथून पुढे शिशाच्या सर्वांत आतल्या कक्षेतला इलेक्ट्रॉन उखडता येतो. पण त्या उंबरठ्याच्या अलीकडे शिसे बरेच कच्चे असते. ०.५ मिमी शिसे ६० केईव्हीचे शंभरातले सहाच कण पलीकडे जाऊ देते, १०० केईव्हीचे चार, पण ८० केईव्हीचे मात्र पंचवीस. उंबरठ्याच्या अगदी खाली तर तिसरा हिस्सा आरपार जातो. बिस्मथचा उंबरठा ९०.५ केईव्हीवर, त्यामुळे त्याचीही गत तीच.

हीच खिंड बुजवायला दुसरी मूलद्रव्ये लागतात. टंगस्टनचा उंबरठा ६९.५ वर, गॅडोलिनियमचा ५०.२ वर, बेरियमचा ३७.४ वर. ८० केईव्हीला एक ग्रॅम टंगस्टन एक ग्रॅम शिशाच्या तिपटीहून जास्त शोषतो. ६० केईव्हीला बेरियम सल्फेटची पूड, त्यातले गंधक आणि ऑक्सिजन धरूनही, वजनागणिक शिशाच्या बरोबरीला येते. १०० केईव्हीला गेलात की तेच बेरियम सल्फेट शिशाच्या पाव हिश्शावर घसरते. एकटे कुणीच पुरत नाही. कॅथ लॅबमध्ये डॉक्टरांपर्यंत पोचणारे विखुरलेले किरण बहुतांशी ४० ते ८० केईव्हीच्या पट्ट्यात असतात, म्हणून बेरियम-गॅडोलिनियम आणि बिस्मथ यांची जोडी तिथे खरोखर वजन वाचवते. आमचा ॲप्रन याच जोडीचा होता.

भांडुपचा गाळा

शीट तयार होत होते भांडुपला, एल.बी.एस. मार्गालगतच्या एका औद्योगिक गाळ्यात. मूळ धंदा रबराच्या गास्केटचा आणि मॅटचा. ॲप्रनचे शीट हे मालकांच्या मुलाने सुरू केलेले काम. मी तिथे गेले ती दोष सापडल्यानंतर, आणि जाताना माझ्या मनात पहिला संशय मिसळणीचाच होता. तो तिथे फिटला. तरीही मिसळणीबद्दल सांगायला हवे, कारण अशा शीटमध्ये बहुतेक दोष तिथेच जन्मतात.

रबर ईपीडीएम या कृत्रिम जातीचे. दोन रोलच्या मिलवर ते आधी मऊ करून घेतात, मग पूड थोडी थोडी सोडतात. रोलच्या फटीत कणकेसारखा गोळा फिरत राहतो आणि मिलवरचे काका सुरीने तो डावीकडून उजवीकडे कापून पुन्हा फटीत सारतात. बिस्मथ ऑक्साइडची पूड पिवळी, हाताला विलक्षण जड लागते: घनता ८.९, म्हणजे भांडे लहान दिसते आणि उचलताना मनगट खाली जाते. वजनाने ८० टक्के पूड ऐकायला भयंकर वाटते, पण आकारमानाने ती ३० टक्क्यांच्या आसपासच असते. ९० टक्के केली की मात्र आकारमान निम्म्यावर जाते आणि शीट घडी घालताना तडकायला लागते. कागदावर जास्त पूड म्हणजे जास्त संरक्षण. अंगावर घालायच्या वस्तूत तडा म्हणजे शून्य संरक्षण. या कारखान्याने ८० च्या पुढे जायचे नाही असे ठरवले होते, आणि मला ते शहाणपणाचे वाटले.

क्युअरिंगला, म्हणजे रबर तापवून पक्के करायला, गंधक न वापरता पेरॉक्साइड वापरले होते. बिस्मथ आणि गंधक एकत्र तापले की बिस्मथ सल्फाइड तयार होते, ते काळपट तपकिरी असते, आणि शिवाय क्युअरिंगसाठी टाकलेले गंधक असे भलत्याच कामी खर्ची पडते.

इथे नॅनो पुडीबद्दलही लिहिते, कारण मालकांच्या मुलाने मला तेच विचारले: "मॅडम, नॅनो ग्रेड घेतला तर जाडी निम्मी होईल ना?" नाही होणार. बिस्मथ ऑक्साइडचा १० मायक्रॉनचा एक कण ६० केईव्हीचे शंभरातले चारच फोटॉन (क्ष-किरणांचे कण) शोषतो. इतका पारदर्शक कण आणखी बारीक करून काही हाती लागत नाही. एकूण शोषण ठरते ते फोटॉनच्या वाटेत किती ग्रॅम बिस्मथ आला यावर. खरा शत्रू आहे गुठळी. अर्ध्या मिलिमीटरची गुठळी झाली की ती त्या वाटेवरचे जवळजवळ ९० टक्के फोटॉन एकटीच खाते, पण त्यासाठी जमवलेली पूड आजूबाजूच्या रबरातून गेलेली असते आणि तिथे फट राहते. नॅनो पुडीला तर गुठळी व्हायची खोड जास्तच. म्हणून पैसे बारीक पुडीवर घालवण्यापेक्षा मिलवरच्या वेळेवर आणि कणांना रबराशी बांधणाऱ्या सिलेनवर घालवावेत. त्यांच्या प्रत्येक शीटचा एक तुकडा एक्स-रे खाली पाहिला, प्रतिमा सपाट राखाडी होती, ठिपके नाहीत, ढग नाहीत.

शेवटचा टप्पा महत्त्वाचा. बेरियम सल्फेट आणि गॅडोलिनियम ऑक्साइड एका शीटमध्ये, बिस्मथ ऑक्साइड दुसऱ्या शीटमध्ये. दोन्ही पांढऱ्या-पिवळ्या शीट्स कॅलेंडरमधून (शीट लाटणाऱ्या रोलच्या यंत्रातून) काढून एकावर एक ठेवायच्या आणि प्रेसमध्ये एकत्रच क्युअर करायच्या. हाती येते ते दोन थरांचे एकसंध शीट. गुंडाळताना चिकटू नये म्हणून दोन्ही बाजूंना शंखजिऱ्याची पूड भुरभुरतात. रोलवर लेबल, लेबलवर बाण: पांढरी बाजू बाहेर, पिवळी बाजू अंगाकडे.

हा बाण का, ते सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही. गॅडोलिनियमने ५०.२ केईव्हीच्या वरचा फोटॉन शोषला की तो ऊर्जा गिळून गप्प बसत नाही. आतल्या कक्षेत पडलेली जागा वरच्या इलेक्ट्रॉनने भरली जाते आणि दहातल्या सुमारे नऊ वेळा नवा, दुय्यम फोटॉन बाहेर पडतो, सुमारे ४३ केईव्हीचा. बेरियमचा सुमारे ३२ चा. हे दुय्यम किरण सर्व दिशांना जातात, म्हणजे निम्मे अंगाच्या दिशेने. आणि गंमत अशी की ज्या पदार्थातून ते निघाले त्याला ते अडवता येत नाहीत, कारण त्यांची ऊर्जा त्याच्याच उंबरठ्याच्या खाली असते, शिशाच्या खिंडीसारखेच. शरीरात हे किरण वरच्यावर थांबतात असेही नाही. ४० केईव्हीचे किरण मऊ ऊतींत अडीच सेंटीमीटर गेल्यावर कुठे निम्मे होतात. तेवढ्यात त्वचा आणि स्तनाचा बराच भाग येतो.

बिस्मथला मात्र ४३ आणि ३२ केईव्ही हे सोपे शिकार. चौरस सेंटीमीटरला ०.२ ग्रॅम बिस्मथ असला तर सरळ येणाऱ्या ४३ केईव्हीच्या शंभर फोटॉनांतले आठ-नऊच सुटतात, ३२ च्या शंभरातला एखादाही जेमतेम. म्हणून बिस्मथ आत, अंगाकडे. बाहेरच्या थराने खिंड बुजवायची आणि आतल्या थराने बाहेरच्याचे दुय्यम किरण झेलायचे. थर उलटे लागले तर वस्तू तीच, वजन तेच, मूलद्रव्ये तीच, आणि अंगाला चिकटलेला थर स्वतःच किरण सोडणारा.

जवळून आणि लांबून

नवा ॲप्रन आला की तो फ्लुओरोस्कोपीखाली (पडद्यावर सलग दिसणाऱ्या एक्स-रेखाली) पसरून भेगा आणि छिद्रे पाहणे हे सगळीकडे होते, व्हायलाच हवे. या लॉटमध्ये त्या पाहणीत काही आढळले नाही. पुढची चाचणी शोषणाची. तिची नेहमीची मांडणी अशी: किरणांचा अरुंद झोत, मध्ये ॲप्रन, आणि बऱ्याच अंतरावर आयन चेंबर, म्हणजे किरण मोजायचे उपकरण. वाचन ॲप्रनसह आणि ॲप्रनशिवाय. या मांडणीत डावी-उजवी दोन्ही पॅनेल सारखीच निघाली आणि अहवालातल्या आकड्यांशी जुळली.

जुळणारच. अरुंद झोतात चेंबरपर्यंत पोचतात ते फक्त सरळ आरपार गेलेले फोटॉन, आणि सरळ जाणाऱ्या फोटॉनाला आधी बिस्मथ भेटला की आधी गॅडोलिनियम, याने काही फरक पडत नाही. गुणाकार तोच राहतो. दुय्यम किरण चारी दिशांना फाकतात, त्यातला नगण्य अंश लांबच्या चेंबरवर पडतो. शिशाच्या ॲप्रनला ही चाचणी बऱ्यापैकी पुरेशी होती, कारण शिशाचे दुय्यम किरण निघायला मुळात ८८ केईव्हीच्या वरचे फोटॉन लागतात. बेरियम, गॅडोलिनियम, टिन, अँटिमनी असलेल्या शीटला ती पुरत नाही. म्हणूनच आयईसी ६१३३१-१ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१४ च्या आवृत्तीत वेगळी मांडणी घातली गेली: लहान झोत, आणि शीटच्या पाठीला लागून मोठ्या पृष्ठभागाचे चपटे चेंबर, जेणेकरून तिरपे निघालेले किरणही मोजले जातील. अंगावर ॲप्रन असाच असतो, लागून.

आमच्याकडे मॅमोग्राफीसाठीचे (स्तनांच्या एक्स-रेसाठीचे) पातळ खिडकीचे चपटे चेंबर आहे. मानकातली मांडणी त्याने हुबेहूब होत नाही, पण एका पॅनेलची दुसऱ्याशी तुलना नक्की होते. ॲप्रन स्टँडला टांगला, चेंबर आतून अस्तराला टेकवले, आणि ८० केव्हीपीवर (नळीला दिलेला कमाल व्होल्टेज, किलोव्होल्टमध्ये) वाचने घेतली. उजवे पॅनेल ठीक. डाव्या पॅनेलचे वाचन जास्त. चेंबर हलवले, जागा बदलली, पुन्हा घेतले. डाव्याचे जास्तच.

माझ्यासोबत असलेल्या वरिष्ठ तंत्रज्ञ ताईंनी सुचवले की जुना शिशाचा ॲप्रन लावून बघू, म्हणजे चेंबरचीच खोडी आहे का ते कळेल. शिशाच्या ॲप्रनला दोन्ही बाजू सारख्या आल्या, पुढून धरला तरी आणि मागून धरला तरी. चेंबर निर्दोष. मग चेंबर हळूहळू मागे सरकवत नेले. जसे अंतर वाढले तसा डाव्या-उजव्यातला फरक विरत गेला आणि हातभर अंतरावर नाहीसा झाला. शीट पातळ असते, पूड कमी असती, भेग असती, तर फरक अंतराने पुसला गेला नसता. जवळ दिसतो आणि लांब पुसतो तो फरक शीटमध्ये जन्मलेल्या किरणांचा.

नंतर ताईंनी डावे पॅनेल फिरवून, अस्तर नळीकडे आणि बाहेरचे कापड चेंबरकडे करून धरले. वाचन उतरले आणि उजव्याच्या जागी येऊन बसले.

खालच्या काठाची शिवण दोन बोटे उसवली तेव्हा उजव्या पॅनेलमध्ये अंगाकडे पिवळा थर होता, डाव्यात पांढरा.

लॉटमधले बाकीचे ॲप्रन तपासले. लहान मापाचे सगळे बरोबर होते. मोठ्या मापाच्यांत डावे पॅनेल उलटे. ही विभागणी मला तेव्हा समजली नाही. ती समजली कटिंग टेबलापाशी.

कटिंग टेबल

शीटचे रोल भांडुपहून धारावीतल्या एका शिलाई युनिटला जात. तिथे वर्षानुवर्षे लेदरचे आणि रेक्झिनचे काम होते. मशिन्स जाड मालाला सरावलेल्या, हात पक्के. कटिंग मास्टर मूळचे साताऱ्याकडचे, हातात खडू घेऊनच बोलणारे. मी दोन्ही पॅनेल टेबलावर ठेवली तेव्हा त्यांनी बोटाने शंखजिरे पुसले, पिवळा रंग वर आला, आणि त्यांना सांगावे लागले नाही.

"मॅडम, शिशाच्या शीटला सुलट-उलट नसतं. आम्ही कधी बघितलंच नाही."

ॲप्रनची दोन पॅनेल आरशातल्या प्रतिमेसारखी असतात. कापडाला सुलट-उलट असते तेव्हा शिंपी माल दुहेरी घालतो, सुलटीवर सुलट, आणि एकदाच कापतो. डावे आणि उजवे आपोआप बरोबर निघते. लहान मापाला त्यांनी तसेच केले होते. मोठ्या मापाला दुहेरी शीट टेबलावर सरळ राहीना, वजनाने घसरे, कात्री चाले ना. म्हणून एकेरी शीटवर एकच पॅटर्न ठेवून सगळी पॅनेल कापली आणि डाव्या बाजूला लागतील ती उलटी करून लावली. शिशाच्या शीटमध्ये हे अगदी बिनघोर चालते. रोलवरचे बाणाचे लेबल पहिला फेरा कापला गेला तेव्हाच टोपलीत गेले होते.

कारखान्याने सांगितले होते, पण फक्त रोलच्या टोकाला. शिलाईवाल्यांना का ते कुणी सांगितले नव्हते. आणि आम्ही रुग्णालयाने मागणीपत्रात मिमी शिसे आणि माप यापलीकडे काही लिहिले नव्हते. या तिघांतल्या कुणा एकाच्या माथी हे मारणे मला पटत नाही. माल तयार करणाऱ्याला जे ज्ञान होते ते कात्री धरणाऱ्यापर्यंत पोचायची वाटच आखलेली नव्हती.

धोका किती होता, हेही नीट सांगायला हवे, कारण अशा बातमीने लॅबमध्ये घबराट होते. उलटा लागला तरी तो ॲप्रन बहुतांश किरण अडवतच होता. अणुऊर्जा नियामक मंडळाची किरणांच्या डोसाची मर्यादा कामगारांसाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, आणि कोणत्याही एका वर्षात ३० पेक्षा जास्त नाही. तिच्याशी याचा संबंध जोडण्यासारखी परिस्थिती नव्हती. पण टाळता येण्यासारखा डोस टाळायचाच असतो, आणि पैसे मोजून घेतलेले संरक्षण पूर्ण मिळायला हवे.

अंगाला मिळालेला डोस मोजणाऱ्या, छातीवरच्या टीएलडी बॅजने हे दाखवले असते का, असे डॉक्टरांनी विचारले. बॅज ॲप्रनच्या आत लावतात आणि तीन महिन्यांनी वाचतात. केसेस कमी-जास्त होतात, उभे राहण्याची जागा बदलते. त्या चढउतारात एका पॅनेलच्या दुय्यम किरणांचा भाग वेगळा ओळखू येणे कठीण. शिवाय बॅज छातीवर, दोष कुशीत. जाता जाता: आपल्या देशातल्या त्या बॅजमधली चकती म्हणजे टेफ्लॉनमध्ये मिसळलेली डिस्प्रोसियमयुक्त कॅल्शियम सल्फेटची पूड, म्हणजे तीही सिरॅमिक भरलेले पॉलिमरच. एक किरण अडवायला, एक मोजायला.

पुढे काय बदलले

सर्वांत मोठा दिलासा असा की काहीच फेकावे लागले नाही. उलटे लावलेले डावे पॅनेल हे मुळात बरोबर कापलेले उजवे पॅनेल होते. ती उसवून पुढच्या ॲप्रनांना उजवीकडे गेली, आणि फक्त नवी डावी पॅनेल कापावी लागली. हे मास्टरांनीच सुचवले.

कारखान्याने बाहेरच्या थरात हिरवे रंगद्रव्य घालायला सुरुवात केली, इतके थोडे की शोषणावर परिणाम शून्य, पण शंखजिऱ्याखालूनही ओळखू येईल. कॅलेंडरवरच एका काठाला सलग रेघ उमटते, त्यामुळे कुठूनही कापले तरी तुकड्यावर खूण राहते. धारावीत डाव्या पॅनेलचा स्वतंत्र पुठ्ठ्याचा पॅटर्न झाला आणि त्याच्यावर मास्टरांनी स्वतःच्या अक्षरात लिहिले: हिरवी बाजू वर. मला विचाराल तर सगळ्या उपायांत हा सर्वांत भरवशाचा, कारण तो कात्रीच्या जागी आहे.

आमच्या मागणीपत्रात आता नुसते ०.२५ मिमी नसते. शिसे-समतुल्य जाडी कोणत्या नळी-व्होल्टेजवर, निदान ६०, ८०, १०० आणि १२० केव्हीपीला. मोजणी कोणत्या मांडणीत. थर किती आणि अंगाकडे कोणता, हे पुरवठादाराने लिहून द्यायचे. शिसेमुक्त शीटचा एकच आकडा सगळ्या व्होल्टेजला लागू पडत नाही, हे बेरियम सल्फेटच्या ६० आणि १०० केईव्हीच्या फरकावरून दिसतेच. माल आल्यावर प्रत्येक पॅनेल चेंबर टेकवून पुढून आणि मागून मोजतो. दोन थरांच्या शीटला दोन्हीकडून वाचन वेगळे यायला हवे, आणि कमी वाचन ॲप्रन नीट घातल्यावर अंगाकडे जी बाजू येते तिथे मिळायला हवे. दोन्हीकडून सारखे आले तर शीट एकाच थराचे आहे किंवा अहवालात लिहिलेले नाही असे काहीतरी आहे. याला एका ॲप्रनमागे काही मिनिटे लागतात आणि महागडे काही लागत नाही; मॅमोग्राफी असलेल्या कोणत्याही रुग्णालयात हे करता येईल.

आणि ॲप्रन घडी न घालता टांगायचे. ८० टक्के पूड भरलेल्या रबराला एकाच जागी रोज घडी पडली की तिथे आधी पांढरट रेघ उमटते, मग तडा. आमच्या लॅबमध्ये रुंद खांद्याचे हँगर लावले, तेही खुर्चीच्या पाठीपेक्षा जवळ, नाहीतर ॲप्रन खुर्चीवरच जातो.

एक प्रश्न याच्याच पाठोपाठ आला. न्यूक्लिअर मेडिसिन विभागाने विचारले की असे हलके ॲप्रन पेट स्कॅनच्या खोलीसाठी मिळतील का. तिथे रुग्णाला टोचायच्या किरणोत्सारी औषधातल्या फ्लुओरिन-१८ मुळे निघणाऱ्या फोटॉनांची ऊर्जा ५११ केईव्ही. ०.५ मिमी शिसे त्यातले शंभरातले नऊच थांबवते, बिस्मथही जवळपास तितकेच, आणि तिथे बेरियम-गॅडोलिनियमचा उंबरठा काही मदत करत नाही. घालणारा मात्र जडपणामुळे हळू काम करतो आणि तेवढा जास्त वेळ स्रोताजवळ राहतो. त्यांना मी ॲप्रनसाठी नाही म्हणाले. त्याऐवजी सिरिंजसाठी टंगस्टनचे शील्ड, डोस भरायच्या टेबलावर जाड शिशाचा आडोसा आणि इंजेक्शन दिलेल्या रुग्णापासून ठेवायच्या अंतराची जमिनीवर आखलेली रेघ, एवढ्याचा प्रस्ताव पाठवला आहे.